नवसातली व्हिओला

किरिनोला माणूस नजरेनं मापायची खोड होती. ब्रेजिन्यो गावात बैलगाड्या तोच करायचा आणि शवपेट्याही तोच. कुणी गेल्यावर रडणाऱ्या घरात दोरी घेऊन माप घ्यायला जाणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून माणूस जिवंत असतानाच, चर्चच्या पायरीवर, दुकानात, कुणाच्या लग्नात, समोरचा साडेसात वीत भरेल की आठ, हे त्याच्या डोक्यात आपोआप बसायचं. लोकांना ते ठाऊक होतं. "किरिनो, मी अजून वाढतोय हां, घाई करू नकोस," असं म्हणत बाप्ये त्याच्यासमोर जरा वाकूनच उभे राहायचे. थट्टाच होती, पण निम्मी.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ऑगस्टच्या लाल धुळीत गावात घटसर्प शिरला. तीन आठवड्यांत किरिनोनं तीन लहान पेट्या केल्या आणि तिन्हींना पांढरा रंग दिला. चौथं पोर आजारी पडलं ते इरासी. सात वर्षांची. ही किरिनोची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर तिला त्यानंच धरलं होतं. त्यामुळे तिची आई देओलिंदा त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. आमच्याकडे सख्खे भाऊ जमिनीवरून एकमेकांवर कोयते काढतील, पण कोंपाद्रेला कुणी उलट बोलत नाही. देओलिंदाचा नवरा कामासाठी साओ पाउलोला गेला तो गेलाच. किरिनोची बायको पहिल्या बाळंतपणात बाळासकट गेली; दोघांना मिळून एकच पेटी त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. तेव्हापासून जगात आपलं म्हणावं असं त्याला हे एकच पोर होतं.

दुपारची वेळ होती. इरासीच्या घशातली घरघर अंगणापर्यंत ऐकू येत होती. किरिनो दारात उभा राहून आत बघत होता, आणि उभ्याउभ्या त्याच्या मनात आलं : पाच वीत. मागच्या भिंतीला सेडरची फळी आहे, पुरेल. त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. शेजारणीला वाटलं डास बसला.

तेवढ्यात आतून देओलिंदाचा आवाज आला. ती राजांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून बसली होती. हे राजे म्हणजे बाळ येशूला बघायला उंटांवरून आलेले ते तिघे. ती ओरडत होती म्हटलं तरी चालेल.

"पवित्र राजांनो, परक्याचं बाळ बघायला एवढ्या लांबून आलात, आता इकडे बघा! माझ्या पोरीला श्वास द्या. ह्या नाताळात माझ्या बाबाची व्हिओला तुमच्या निशाणामागे वाजत चालेल. माझ्या बाबाचीच. दुसरी नाही!"

नवस बोलताना माणसानं दोन शब्द कमी बोलावेत. 'दुसरी नाही' हे तिच्याकडे कुणी मागितलं होतं? पण पोर निळं पडत असताना शब्द कोण मोजतो! आणि आमच्याकडे नवस मनातल्या मनात चालत नाही. तोंडानं बोललेलाच राजे ऐकतात, आणि बोलला तसाच्या तसा फेडून घेतात. तासाभरात इरासीला उबळ आली. घशातला करडा पापुद्रा तिनं ओकून टाकला, एक बारीक श्वास घेतला आणि मग दुसरा. संध्याकाळी ती पाणी प्यायली. राजे नवसाला पावले. आता पाळी नवस करणारीची होती.

व्हिओला म्हणजे गिटारीची धाकटी बहीण. अंगानं लहान, पण तारा दहा, जोडीजोडीनं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीन राजांची फेरी निघते. पुढे निशाण, मागे गाणारे-वाजवणारे, घरोघर फिरत सहा जानेवारीपर्यंत. त्या फेरीत देओलिंदाचा बाप ओलेगारियो अठ्ठावीस वर्षं व्हिओला घेऊन वाजवणाऱ्यांत पुढे होता. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे व्हिओला वाजवत नाहीत. तारा सैल करायच्या आणि तिचं तोंड भिंतीकडे करून टांगून ठेवायची. ओलेगारियो नेमका त्याच दिवसांत गेला. ईस्टर आला, गावातल्या सगळ्या व्हिओला खाली उतरल्या. ती एक उतरवायची कुणाला आठवण झाली नाही. अकरा वर्षं ती भिंतीकडे तोंड करून राहिली.

इरासी उठून मक्याची लापशी खायला लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी देओलिंदा चादरीत गुंडाळलेली व्हिओला घेऊन किरिनोच्या पडवीत आली. गाड्या आणि पेट्यांखेरीज गावातल्या व्हिओलाही तोच दुरुस्त करायचा.

"कोंपाद्रे, हिला बोलती करायची. नाताळला साडेतीन महिने आहेत."

किरिनोनं ती हातात घेतली आणि पुन्हा एकदा तोलून पाहिली. व्हिओलेला वजन असतं. हिला नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. हलकी आहे."

"हलकी म्हणजे चांगलीच ना?"

"हं."

"आत खुळखुळा आहे का बघ बरं. बाबानं टाकला होता."

विषारी सापाच्या शेपटीचा खुळखुळा. दृष्ट लागू नये म्हणून वाजवणारे तो व्हिओलेच्या पोटात टाकतातच. किरिनोनं व्हिओला हलवली. खुळखुळा वाजला, आणि त्याच्याबरोबर भोकातून बारीक पिवळं पीठ टेबलावर सांडलं.

"हे पीठ कसलं?"

"धूळ गं. अकरा वर्षांची."

ती वाळवीची भुकटी होती. किरिनोचं हे पहिलं खोटं. बाईला उगाच घाबरवायचं कशाला, एवढाच त्यामागचा विचार.

"काय लागेल ते कर," देओलिंदा म्हणाली, "पण ती बाबाचीच राहिली पाहिजे. मी काय बोलले ते तू ऐकलंस ना?"

"अख्ख्या गावानं ऐकलं, कोमाद्रे. जरा सैल बोलायचं होतंस."

"पोर निळी पडली होती माझी! तेव्हा काय वकील बोलावून लिहून घेऊ?"

ऑक्टोबरात पाद्री आले. ते वर्षातून दोनदा यायचे. देओलिंदानं त्यांना नवसाचं विचारून पाहिलं, कारण भीती तिलाही होतीच. रोज एक जपमाळ जास्त कर, नवस फिटला असं समज, असं ते म्हणाले. पण पाद्रीबाबांना राजांची फेरी मुळातच खपत नसे. उसाची दारू ढोसून गळे काढणारे लोक, असं ते म्हणायचे. "ज्याला राजेच मान्य नाहीत, तो राजांच्या वतीनं सूट काय देणार?" देओलिंदा घरी येऊन म्हणाली. मलाही तिचं चुकलं असं वाटत नाही.

तोवर किरिनोनं सुरी तापवून जुना सरस सोडवला होता आणि व्हिओलेची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, उचलायला गेला होता. ती पापडासारखी हातात चुरली. बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्यांना नुसता रंगाचा पापुद्रा होता, आत लाकूड नव्हतंच. तो जमिनीवर बसला आणि राहिलं काय ते मोजू लागला. पाठ शाबूत, कारण ती जाकारांदाची. त्या लाकडाला वाळवी दात लावत नाही. दांडी शाबूत दिसत होती. खुंट्या बसवलेलं डोकं शाबूत. म्हणजे तीन. राजेही तीन. किरिनोनं ताबडतोब आपल्यापुरता कायदा करून टाकला : ओलेगारियोचे तीन भाग राहिले की व्हिओला ओलेगारियोची. घाबरलेला माणूस फार भराभर कायदे करतो.

तबलीला सेडर हवं होतं. मागच्या भिंतीला ती फळी उभीच होती, सरळ रेषांची, वाळलेली, अगदी नामी. किरिनोनं तिला हात लावला नाही. फोडून चुलीत घालायचीही त्याला भीती वाटली. शेवटी नदीपलीकडच्या एका माणसाला ती फुकट देऊन टाकली आणि एका जुन्या दाराच्या फळीतून तबली काढली.

नोव्हेंबरात त्यानं दांडी घेतली. पडदे, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्या, बसवायचे म्हणून वरून रंधा मारला, आणि तिसऱ्या फटक्याला रंधा आत खचला. दांडीच्या पोटातून बोगदा गेला होता. गुडघ्यावर धरून जरा दाबल्याबरोबर तिचे दोन तुकडे झाले. आता दोनच भाग राहिले. किरिनोनं कायदा दुरुस्त केला : तीन राजांतला एक म्हातारा होता, त्याला कमी दिसत असणार. हा विचार मनात आल्याआल्या त्याची त्यालाच भीती वाटली आणि त्यानं छातीवर क्रूस काढला. तरी नवी दांडी तासायला घेतलीच.

देओलिंदा दर शनिवारी यायची. बरोबर इरासीही असायची, लाकडाच्या छिलक्यांशी खेळत. व्हिओला फडक्याखाली असायची.

"बघू तरी."

"सरस ओला आहे, उघडू नकोस."

"कोंपाद्रे, तुझ्या सरसाला काही लाज आहे का नाही? तीन शनिवार ओलाच?"

"पावसाळी हवा आहे ना."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. किरिनोच्या मुठीत आता एक पाठ आणि एक डोकं उरलं होतं. देओलिंदा गेल्यावर तो इरासीच्या चालण्याकडे बघत बसायचा. तिला ठेच लागली तरी त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. दमट हवेनं पाठीला बाक आला. असा बाक काढायची रीत साधी आहे : निखाऱ्यावर पत्रा, पत्र्यावर वाळू, वाळूवर ओलं फडकं, त्यावर लाकूड, आणि वर वजन. फक्त माणसानं जवळ बसायचं. किरिनो बसला होता. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, देओलिंदाच्या पोरीला श्वास लागेना!"

तो अनवाणी धावला. चिखलात दोनदा पडला. घरात शिरतो तर इरासी डोळ्यांत पाणी आणून खोकत होती आणि देओलिंदा तिच्या पाठीत धपाटे घालत होती. साबुदाण्याच्या पिठाचं कुरकुरीत बिस्किट. हावरटासारखी दोन एकदम कोंबली होती तोंडात. बाहेर आलं आणि पोर पुन्हा हसायला लागली. पण किरिनोचं समाधान होईना.

"आ कर. मोठा आ. आता श्वास घे. अजून एक."

"कोंपाद्रे, बिस्किट होतं ते!"

"माहितेय. तू घे गं श्वास, बाळा."

दहा श्वास त्यानं मोजून घेतले. मग कॉफी झाली. मग पाय धुणं झालं. तो घरी परतला तेव्हा पडवीत जळका वास होता. फडकं वाळून काळं पडलं होतं आणि पाठ मधोमध उभी फाटली होती. ज्या लाकडाला वाळवीनं अकरा वर्षांत दात लावला नाही, ते किरिनोच्या भीतीनं तासाभरात संपवलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

तो रडला. मोठ्यानं रडला, कारण घरात ऐकायला कुणी नव्हतं. मग गावात जाकारांदा कुठे आहे याचा विचार करू लागला. फार विचार करावा लागला नाही. ते त्याच्याच पलंगाच्या उशाशी होतं. लग्नात सासऱ्यानं दिलेला रुंद पाट. बायको गेली ती त्याला डोकं टेकून. सकाळी त्यानं पाट उतरवून करवत लावली. पलंग मोडला तो पुन्हा त्यानं कधी केला नाही. पुढे सगळा जन्म तो चटईवर झोपला.

ओलेगारियोचं आता राहिलं काय? खुंट्यांचं डोकं, दहातल्या सहा खुंट्या, कारण चार फिरवतानाच तुटल्या, आणि खुळखुळा. जळकी पाठ, मोडकी दांडी, तबलीचा चुरा, सगळं एका पोत्यात पडलं होतं. नवसाचं लाकूड चुलीत घालायची किरिनोची छाती नव्हती. त्यानं हातभर लांबीची पेटी केली, सगळं तिच्यात भरलं आणि परसात पुरली. पुरताना प्रार्थना म्हणावी की नाही हे त्याला कळेना. अर्धी म्हटली आणि आत गेला.

चोवीस डिसेंबरला दिवस मावळायच्या आत सगळं गाव देओलिंदाच्या अंगणात जमलं. फेरी तिच्याच घरून निघायची होती. राजांचं निशाण भिंतीला टेकवलं होतं, रंगीत फितींनी भरलेलं. इरासी पांढऱ्या झग्यात, केसांना तेल लावून उभी होती. किरिनोनं व्हिओलेवरचं फडकं काढलं, तेव्हा देओलिंदा नुसती बघत राहिली.

"किती नवी दिसते रे!"

"पॉलिश."

तिनं डोक्यावरून, खुंट्यांवरून हात फिरवला. सुदैवानं तिथेच फिरवला.

आता वाजवणार लिबेरातो. फेरीचा म्होरक्या, पंचाहत्तरीचा, ओलेगारियोचा अठ्ठावीस वर्षांचा जोडीदार. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला, पण कान असे की चार घरं पलीकडची गाडी कुणाची हे नुसत्या आसाच्या आवाजावरून सांगायचा. किरिनो रात्ररात्र घाबरला होता तो ह्या कानांना. लिबेरातोनं व्हिओला मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि एकदा अंगठा वरून खाली ओढला.

त्यानं पुन्हा अंगठा ओढला. मान तिरकी केली.

"हा ओलेगारियोचा आवाज नाही."

देओलिंदाचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात आपसूक इरासीच्या गळ्याकडे गेला. हे किरिनोनं पाहिलं. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण तो पांढरा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही.

"अकरा वर्षं बोलली नाही ती, लिबेरातोकाका," तो म्हणाला. "तुम्ही अकरा वर्षं गप्प बसून बघा. घसा बसेल नाही तर काय होईल?"

लिबेरातोनं तारांवर पालथा हात ठेवला. मग खोकल्यासारखं हसला. "माझी म्हातारी हेच मागते देवाकडे, मी अकरा वर्षं गप्प बसावं म्हणून." सगळे हसले. देओलिंदा सगळ्यांत जास्त हसली, आणि हसताहसता डोळे पुसत राहिली. लिबेरातोनं सूर धरला. पण सुरुवात करण्यापूर्वी सारा आलेले ते डोळे एकदा किरिनोच्या दिशेनं वळले, आणि किरिनोला कळलं की म्हाताऱ्याला समजलंय.

व्हिओला चांगली वाजली. इतकी चांगली की लोक पुढे कैक वर्षं सांगत. निशाण इरासीच्या डोक्यावरून फिरवलं. एकेक जण पुढे येऊन निशाणाच्या कापडाला ओठ लावू लागला. किरिनोची पाळी आली तेव्हा त्यानं तोंड कापडात खुपसलं आणि पुटपुटला. हळू, पण तोंडानं बोलला.

"राजांनो, व्हिओला खोटी आहे. दोष माझा. तिचा नाही, पोरीचा तर मुळीच नाही. वसूल करायचं असेल तर माझ्याकडून करा. तिला जिथे धरलं होतंत तिथेच मला धरा. ती सुटी."

मागचा माणूस म्हणाला, "अरे, चुंबन घ्यायचंय, संसार नाही करायचा. सरक!"

ह्या दिवसानंतर किरिनोचं आयुष्य एकतीस वर्षं चाललं, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही घडलं नाही असंच वाटलं असतं. गाड्या केल्या, पुढे ट्रक आले तशा गाड्या कमी झाल्या, पेट्या तेवढ्याच राहिल्या. आत मात्र त्याचा जीव सदाचा टांगणीला लागलेला. राजांनी आपलं ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. इरासीला गोवर आला तेव्हा तो तीन दिवस त्यांच्या ओसरीवर बसून होता. ती शहरात शाळामास्तरीण व्हायला शिकायला गेली तेव्हा दर पंधरवड्याला ट्रकवर लटकून जायचा आणि वसतिगृहाच्या फाटकातून विचारायचा, "खोकला वगैरे नाही ना?" पोरीच्या मैत्रिणी त्याला खोकलेमामा म्हणायच्या. तिचं पहिलं बाळंतपण अडलं, दोन दिवस. किरिनो बाहेर झाडाखाली बसून एकच वाक्य म्हणत होता : "मी इथे आहे, मी इथे आहे." कुणाला सांगत होता ते कुणाला कळलं नाही.

स्वतःच्या दुखण्यांकडे मात्र तो आशेनं बघायचा. एकदा बैलानं लाथ मारून दोन बरगड्या मोडल्या. त्याला वाटलं, झालं फिटलं. मग आठवलं की आपण जागा नेमून दिली आहे. बरगड्या धरायच्या नाहीत. न्यूमोनिया झाला, तोही छातीत, घशात नाही. प्रत्येक हिवाळ्यात घसा बसला की तो आरसा घेऊन उन्हात बसायचा, आणि चार दिवसांनी बरा झाला की हिरमुसायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात. ह्याला खवखवावं असं वाटायचं आणि खवखवत नव्हतं.

अडुसष्टाव्या वर्षी त्याला घास गिळताना अडकायला लागला. आधी मांस, मग भात, मग कॉफीत बुडवलेला पाव. आवाज चिरका झाला. जबड्याखाली गाठ आली. शहरातल्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं, बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं आणि जपून जपून सांगितलं. म्हातारा रडेल अशी त्याची तयारी होती. किरिनोनं विचारलं, "घशातच आहे ना? नक्की घशातच?"

"घशातच," डॉक्टर म्हणाला. "राजधानीत नेऊन कापून बघता येईल. आशा आहे थोडी."

"नको," किरिनो म्हणाला, आणि डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. त्या रात्री एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो सकाळपर्यंत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो देओलिंदाकडे गेला. ती एकाहत्तरीची झाली होती, ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. व्हिओला आत भिंतीला होती. दर नाताळात अजून फेरीत जायची.

"बस. आवाज काय हा? फुटक्या मडक्यासारखा?"

"कोमाद्रे, ती व्हिओला तुझ्या बाबांची नाही."

तिला आधी थट्टा वाटली. मग त्यानं सगळं सांगितलं. तबली, दांडी, बिस्किट, जळकी पाठ, पलंग. काही ठेवलं नाही. तिच्या मांडीवरचं सूप घसरलं आणि दाणे ओसरीभर झाले.

"एकतीस वर्षं!" ती ओरडली. "एकतीस वर्षं माझी पोर उघड्यावर होती? आणि मी वेडी दर जानेवारीला आभाराच्या मेणबत्त्या लावत होते? तू बाजूला उभा राहून बघत होतास! किरिनो, तिला दुसऱ्या खेपेचा सातवा महिना लागलाय रे!" तिनं त्याला कोंपाद्रे म्हटलं नाही. इरासीच्या बाप्तिस्म्यापासून पहिल्यांदा.

"उघड्यावर नव्हती. मी मधे उभा होतो." मग निशाणात तोंड घालून काय बोललो ते त्यानं तिला शब्दाला शब्द सांगितलं. तिचा हात धरला आणि आपल्या जबड्याखाली नेला. "बघ. त्यांनी ऐकलं."

देओलिंदाची बोटं त्या गाठीवर बराच वेळ राहिली. राग कुठे गेला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"कापून बघू म्हणतो. मी नाही म्हटलं."

"मूर्ख आहेस. थांब, मी नवस बोलते. आत्ता बोलते. पायी जाईन मी, गुडघ्यांवर जाईन..." ती उठायला लागली. किरिनोनं तिचं मनगट धरलं. त्या वाळक्या हाताला एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"नको. हेच सांगायला आलोय. तुझं ऐकतात ते, तेच तर भय आहे. मी बरा झालो तर राहिलेलं कुणाकडून घेतील?"

ती मट्कन खाली बसली.

"मेणबत्तीसुद्धा नको," किरिनो म्हणाला. "संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं नाव नको. मी गेल्यावर काय ते म्हण, हवं तेवढं म्हण. पण तोवर नको."

"मग मी करू काय?"

"शेंगा सोल."

दोघांनी मिळून दाणे वेचले. मग तो काठी टेकत गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. गावात कुणाची गाय आटली तरी देओलिंदा राजांपुढे दिवा लावायची. कोण कधी बरं झालं ते लोक तिच्या किती जपमाळांनंतर असं मोजून सांगायचे.

सहाची घंटा झाली तेव्हा ती तसबिरीपुढे गुडघे टेकून बसली. रोजच्या क्रमानं नावं घेतली : इरासी, इरासीच्या पोटातलं, जावई, थोरला नातू, साओ पाउलोला गेलेला तो नवरा, जिवंत असेल तर. पुढचं नाव रोज किरिनोचं यायचं. एकतीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली, ओठ उघडले, 'कि' बाहेर पडणार, तोच देओलिंदानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं, आणि घंटा थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.